फायदा कुणाचा, आजोबांचा की मोत्याचा?

पुण्याजवळ ज्येष्ठांच्या वसाहतीत राहणाऱ्या एका वाचक आजींचं पत्र आलं आहे. कुत्री-मांजरं पाळू द्यावीत की नाही, यावरून त्यांच्या कमिटीत दोन तट पडलेत. ‘पाळू द्या’वाल्यांनी बैठकीत व्हॉट्सॲपवरचा एक संदेश वाचून दाखवला: कुत्रा पाळणारे हृदयरोगी जास्त जगतात, हे विज्ञानाने सिद्ध केलं आहे. आजी विचारतात, हे खरं का? बहुमताने ठराव करूनही सोसायटीला प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा निम्मा वाद तिथेच मिटायला हवा. पण आजींना विज्ञान हवंय, आणि त्यातली गोष्ट मोठी रंजक आहे.

संदेश अगदीच हवेतला नाही. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचं पुढच्या वर्षभरात काय झालं, एवढंच त्यांनी पाहिलं. शोध होता एकटेपणाचा आणि माणसांच्या गोतावळ्याचा. लांबलचक प्रश्नावलीत पाळीव प्राण्यांचाही एक प्रश्न होता. आकडे हाती आले तेव्हा तोच भाव खाऊन गेला. प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ दगावले, असलेल्या ५३ पैकी ३. कुत्र्याला फिरवताना व्यायाम होतो म्हणून हे घडलं असेल, ही शंका त्यांनाही आलीच. पण कुत्रा सोडून दुसरं काही पाळणारे जे दहा जण होते, त्यांतलं कुणीच गेलं नव्हतं.

यानंतर वर्तमानपत्रांनी जे केलं ते ठरलेलं. माझा जीव मात्र फ्रीडमनबाईंवर आहे, कारण गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून पाहण्याचं, सहसा कुणी न करणारं काम त्यांनी केलं. १९९५ साली ३६९ हृदयरोग्यांचा मोठा गट घेऊन त्या परत आल्या. या खेपेला कुत्रेवाल्यांना फायदा दिसला, मांजरवाल्यांना नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत तर मांजर पाळणाऱ्यांची तब्येत उलट जास्त बिघडलेली आढळली. (मांजरांना याचं काही सोयरसुतक असेल असं वाटत नाही.) संदेशात येतो तो १९८०चाच आकडा. बाईंचं नाव नाही आणि पुढची तीस वर्षंही नाहीत.

खरी मेख वेगळीच आहे. समजा, आषाढीला पंढरपुरात उभं राहून कुणी सत्तरीच्या वारकऱ्यांचा रक्तदाब मोजला, आणि घरी बसलेल्या सत्तरीतल्या लोकांशी ताडून पाहिला. वारकरी तंदुरुस्त निघणारच. पण वारीमुळे? की ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, दम लागत नाही, घरचं फार अडत नाही, तेच आळंदीहून निघाले म्हणून? ज्यांना दिवेघाट झेपला नसता ते मुळात निघालेच नाहीत, आणि जे निघाले पण सासवडलाच एसटीत बसले ते मोजणीला सापडत नाहीत. कुत्र्याचंही तसंच. साखळी ओढून धरायची ताकद, डॉक्टरांचा खर्च, फिरायला जागा हे सगळं ज्याच्याकडे आहे तोच कुत्रा आणतो. स्वीडनमध्ये २०१७ साली ३४ लाख लोकांच्या सरकारी नोंदी धुंडाळल्या, त्यात एकट्या राहणाऱ्या श्वानपालकांत मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी दिसलं. आकडा दांडगा आहे, पण वारीचा प्रश्न तिथेही सुटत नाही. तो सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कुत्रा द्यावा लागेल, निम्म्यांना नाही. कॅरन ॲलन यांनी २००१ मध्ये उच्च रक्तदाब असलेल्या ४८ शेअर दलालांवर हे करून दाखवलं. गोळी सगळ्यांना, प्राणी निम्म्यांनाच. ताण आला की दोन्ही गटांचा रक्तदाब चढे, पण प्राणीवाल्यांचा कमी. चांगला पुरावा आहे, फक्त वॉल स्ट्रीटच्या वयाच्या लोकांवरचा.

खर्चाची बाजू संदेशात नसते. अमेरिकेत साखळी लावलेला कुत्रा फिरवताना पासष्टीच्या पुढच्यांची हाडं मोडण्याच्या घटना २००४ मध्ये वर्षाला अंदाजे १,६७१ होत्या; २०१७ मध्ये ४,३९६.

तरीही मला पटलेला एक प्रयोग आहे, आणि तो कागदोपत्री सगळ्यात कच्चा. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावी चेस मेमोरियल नावाचं वृद्धांचं शुश्रूषागृह. १९९१ मध्ये बिल थॉमस या तरुण डॉक्टरने तिथे दोन कुत्रे, चार मांजरी आणि शंभर पोपट आणायची परवानगी मिळवली. अतुल गावंडे (वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी) यांनी ‘बीइंग मॉर्टल’मध्ये ही कथा सांगितली आहे. पोपट आले, पिंजरे आलेच नव्हते. गाडीवाल्याने शंभरच्या शंभर पोपट तळमजल्यावरच्या केशकर्तनाच्या खोलीत सोडले, दार लावलं आणि निघून गेला. पिंजरे नंतर आले ते खोक्यांत, सुटे. डॉक्टर आणि कर्मचारी पिसांच्या धुरळ्यात पोपटांमागे धावतायत आणि काचेबाहेर म्हातारी मंडळी पोट धरून हसतायत. पुढे औषधांच्या चिठ्ठ्या शेजारच्या तुलनेच्या संस्थेपेक्षा निम्म्यावर आल्या, मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. तिथे रोपं आली होती, मुलंही येऊ लागली होती; त्यामुळे श्रेय पोपटांचं किती, कोण जाणे. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ही भावना त्या घरात परत आली असावी, असं मला वाटतं. पुढे सेंट लुईसच्या संशोधकांनी वृद्धाश्रमांत एका गटाकडे स्पार्की नावाचा खरा कुत्रा नेला आणि दुसऱ्याकडे सोनीचा ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा. एकटेपणा दोघांनीही सारखाच कमी केला! कुत्र्याच्या लाळेत काही जादू नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

कुत्र्याला काय मिळतं, याचे पुरावे मात्र बरेच स्वच्छ आहेत. ओहायोतल्या एका निवारा केंद्रात १९९७ साली कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल घरातल्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट होतं. २०१९ मध्ये लिसा गुंटर यांनी पाच निवाऱ्यांतले २०७ कुत्रे एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी मुक्कामाला धाडले. लघवीतलं कॉर्टिसॉल उतरलं, आणि कुत्र्यांना सलग विश्रांती सगळ्यात जास्त मिळाली ती त्या घरांतच. परत पिंजऱ्यात आले, तर आकडा पुन्हा जैसे थे. इथे वारीची भानगड नाही. तोच कुत्रा, आधी, मध्ये आणि नंतर.

म्हणून मी ‘पाळू द्या’वाल्यांच्याच बाजूचा, पण आयुष्य वाढतं म्हणून नव्हे. प्राण्यांना आसरा देणं मुंबईला काही नवीन नाही. १८३२ मध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशांनी दंगल केली, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढली. आज निवाऱ्यांत नेहमी मागे राहतात ती थोराड कुत्री. सगळ्यांना पिल्लू हवं असतं. सॅन फ्रान्सिस्कोची ‘मटव्हिल’ ही संस्था फक्त अशी वयस्कर कुत्री सांभाळते आणि बासष्टीच्या पुढच्यांना दत्तक देताना शुल्क घेत नाही. पंचाहत्तरीत पिल्लू आणणं म्हणजे पंधरा वर्षांचा करार. नऊ-दहा वर्षांचा, बराचसा वेळ झोपून काढणारा देशी कुत्रा जास्त झेपतो.

त्याहून बरं म्हणजे दत्तक न घेता फॉस्टर करणं. कुत्रा निवाऱ्याचाच राहतो, आणि लस, नसबंदी, औषधपाण्याचा भार निवाऱ्यावर राहील असं आधीच बोलून घेता येतं. आपण रुग्णालयात गेलो तर काय, ही ज्येष्ठांची मुख्य भीती. ब्रिटनमध्ये १९८५ पासून ‘सिनॅमन ट्रस्ट’ यासाठीच स्वयंसेवक पुरवतो; ते आजारी वृद्धांची कुत्री फिरवतात आणि मालक गेल्यावर प्राण्याची सोय लावतात. आपल्याकडच्या वसाहतीत पन्नास-साठ घरं एका जिन्याच्या अंतरावर असतात. कुत्रा आणण्याआधी शेजारच्या दोघांची नावं आणि निवाऱ्याचा फोन नंबर कागदावर लिहून कमिटीकडे द्यावा, आणि भाचा-पुतण्या ‘बघू’ म्हणाला तर त्याचं नाव त्यात धरू नये.