मिनिआपोलिसची पीठगिरणी आणि तिचा बोध

गव्हाचा भाव पिकावर ठरतो, असा आपला समज असतो. परंतु तो गहू कोणत्या रीतीने दळला जातो यावरही त्याची किंमत पुष्कळ अंशी अवलंबून असते. अमेरिकेतील वॉशबर्न-क्रॉस्बी कंपनीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीवर सेंट अँथनी नावाचा धबधबा आहे. त्याच्या पाण्याच्या बळावर कॅडवॅलडर वॉशबर्न यांनी मिनिआपोलिस येथे १८६६ साली पहिली आणि १८७४ साली ‘ए’ नावाची प्रचंड गिरणी उभारली. त्या प्रदेशात हिवाळा कडक असल्यामुळे गहू वसंत ऋतूत पेरीत. त्याचा दाणा कठीण, पण कोंडा ठिसूळ असे. जवळजवळ बसविलेल्या दगडी तळ्यांत तो दळला की कोंड्याचा चुरा पिठात मिसळे व पीठ काळपट दिसे. साहजिकच या गव्हाला भाव कमी मिळे.

१८७१ च्या सुमारास एडमंड लाक्रॉय या कारागिराने यावर उपाय योजला. तळ्यांतील अंतर वाढवून गहू आधी भरडावयाचा, त्या भरडीतील कोंडा वाऱ्याने व चाळण्यांनी वेगळा काढावयाचा आणि उरलेला रवा पुन्हा दळावयाचा. या रीतीने पीठ शुभ्र निघू लागले, पावासाठी ते उत्तम ठरले आणि शेतकऱ्याच्या दुर्लक्षित गव्हाला मान मिळाला.

मात्र या वाऱ्याबरोबर गिरणीत पिठाची बारीक धूळ साचू लागली. २ मे १८७८ रोजी सायंकाळी तिचा स्फोट होऊन ‘ए’ गिरणी उद्ध्वस्त झाली. १८ कामगार मृत्युमुखी पडले व शेजारच्या गिरण्याही जळाल्या. दाण्यावाचून फिरणाऱ्या दगडांच्या ठिणगीने धूळ पेटली, असे चौकशीत दिसून आले. वॉशबर्न यांनी १८८० साली गिरणी पुन्हा उभारली. तीत पोलादी रूळ आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविण्यात आली. त्याच वर्षी सिनसिनाटी येथील प्रदर्शनात कंपनीच्या पिठास सुवर्णपदक मिळाले. १९२८ साली ही कंपनी ‘जनरल मिल्स’मध्ये विलीन झाली. गिरणी १९६५ साली बंद पडली. तिच्या अवशेषांत २००३ पासून संग्रहालय आहे.

शुभ्र पिठाची दुसरी बाजूही ध्यानात ठेविली पाहिजे. कोंडा व अंकुर काढल्याने जीवनसत्त्वे आणि लोह कमी होतात. म्हणूनच अमेरिकेत १९४१ पासून मैद्यात ती वरून मिसळण्यास आरंभ झाला. आपल्या चक्कीवरील कोंड्यासह दळलेल्या पिठात ती मुळातच असतात.

ग्रामसेवकांनी चक्कीचालकांस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. चक्कीघरातील भिंती, तुळया व यंत्र यांवरील पीठ नित्य झाडावे, हवा खेळती ठेवावी.

२. पीठ उडत असता आत विडी किंवा उघडा दिवा नसावा.

३. दाणा संपताच चक्की थांबवावी. ती रिकामी फिरू देऊ नये.

अठरा जिवांचे मोल देऊन मिळालेला हा धडा आहे. तो आपणांस फुकट मिळत आहे. त्याचा लाभ घ्यावा.