शेवंताचा हात

गोष्ट लिहायची म्हणजे कागदावर सगळं आपलंच राज्य. वाटलं तर पाऊस पाडावा, वाटलं तर लग्न लावावं, वाटलं तर कुणाचा हात मोडावा. मीही मोडला होता. एका दिवाळी अंकात माझी कथा आली, तिची नायिका शेवंता आमच्या लोणी भापकरचीच. मल्लिकार्जुनाच्या देवळासमोरच्या जुन्या पुष्करणीच्या पायऱ्यांवरून ती घसरते, उजवं मनगट मोडतं, घरदार घाबरतं. आणि पुढच्याच परिच्छेदात 'काही दिवसांनी' बाई चुलीपुढे बसून भाकरी थापते!

अंक घरोघर फिरला, कौतुक झालं. थोरल्या जाऊबाईंनी मात्र वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "शेवंताचा हात कुठल्या डाक्टरनं बांधला गं? पत्ता दे की मला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. मनगटाशी वाकडा. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून मोडलेला. एका घरात राहून मी तो रोज बघत होते, आणि मोडलेल्या हाताची गोष्ट लिहिताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

त्या दुपारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. "पहिलं काय आठवतं?" मला वाटलं, कळ म्हणतील. म्हणाल्या, "बांगड्या." सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठी काढावी लागते, नाहीतर बोटांचं रक्त अडतं. त्यांच्या निघेनात, तेव्हा नर्सबाईंनी वाढवल्या. "हात मोडला तवा रडले न्हाई, बांगड्यांना रडले."

मग प्लास्टर. उजव्या हाताला प्लास्टर म्हणजे वेणी घालता येत नाही, निऱ्या काढता येत नाहीत, ब्लाऊजचं हूक लागत नाही. सुनेला हाक मारायची लाज वाटायची. आत खाज सुटायची, रात्र रात्र झोप नसायची. सांगितलं होतं सहा आठवडे. चौथ्या आठवड्यात घरात लग्न निघालं. "लग्नघरात गळ्यात हात बांधून कशी मिरवू?" त्यांनी घरीच प्लास्टर भिजवून काढलं आणि पुरणाला बसल्या. कुणी अडवलं नाही. मीही नाही. उलट पंगतीत त्यांच्या हातची पोळी मी मागून घेतली होती.

नंतर बारामतीला ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरबाईंना भेटले. त्यांनी सांगितलेलं मैत्रिणींनो, तुम्हीही ध्यानात ठेवा. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात. पडताना आपण हात टेकतो आणि मनगट जातं. हाड साधारण सहा आठवड्यांत धरतं, पण तेवढ्यानं हात बरा होत नाही. प्लास्टर निघतं तेव्हा हात वाळलेला, कातडी खपल्या धरलेली, मनगट लाकडासारखं. सांगितलेले व्यायाम नेमानं केले तरी पुरती ताकद यायला महिने लागतात. प्लास्टर असताना हात उंच ठेवायचा, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. बोटं निळी पडली, बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं.

हे कळल्यावर टीव्हीवरच्या मालिका बघताना मला हसू यायला लागलं. डोक्याला मार लागला की नायिका नवऱ्याला विसरते, दुसरा मार बसला की सगळं आठवतं! खरं तर बहुतेकांना अपघाताच्या मागचा-पुढचा थोडा वेळ आठवत नाही. मागे राहते ती डोकेदुखी, उजेडाचा त्रास, चिडचिड. आणि दुसऱ्या माराने काही परत येत नाही, नुकसानच वाढतं.

खरी माणसं कशी बरी होतात ते ललिता पवारांकडे बघून कळतं. १९४२ मध्ये शूटिंगमध्ये बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. औषधोपचारात सुमारे तीन वर्षं गेली. डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. नायिकेच्या भूमिका सुटल्या, पण त्याच डोळ्यानिशी त्यांनी पुढे अख्ख्या देशाला खाष्ट सासू आणि मंथरा दाखवली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत, पण अपंगांसाठी मोठी संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे.

आपण लिहिणाऱ्या बायका मात्र 'काही दिवसांनी' लिहून मोकळ्या होतो. घरातही तेच करतो. बाई पडली की सगळे धावतात, चार दिवस विचारपूस होते, पाचव्या दिवशी चहा कोण टाकणार म्हणून तिच्याच तोंडाकडे बघतात. मधले सहा आठवडे ना कथेत, ना घरात.

मी कथा पुन्हा लिहिली. 'काही दिवसांनी' खोडलं, तिथे चार पानं वाढली. बांगड्या आल्या, खाज आली, बायकोची वेणी घालताना घामाघूम झालेला नवरा आला. जाऊबाईंनी शेवटपर्यंत वाचलं.

"आता मोडलाय खरा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "भाकऱ्या कोण करतंय गं मग तिच्या घरात?"

"नवरा."

"जमत्यात?"

"करपतात."

"करपू दे," जाऊबाई म्हणाल्या. "सहा आठवडे करपू दे."