कानाची पाळी वाढविणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जाड कड्या अगर रुंद चकत्या घालता याव्यात म्हणून कानाचे भोक मोठे करून घेण्याची हौस आजच्या तरुणांत दिसू लागली, की घरातील वडीलमंडळी तिला परकीय खूळ ठरवून मोकळी होतात; परंतु तमिळनाडूच्या दक्षिण भागातील वृद्धांच्या लांबलेल्या पाळ्यांत पांबडम नावाची सोन्याची कर्णभूषणे परवापरवापर्यंत झुलत होती, आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १६ व्या अध्यायात तर टोचलेल्या भोकात क्रमाक्रमाने अधिक जाड वात घालण्याचा विधी सांगून, लगोलग फाटलेली पाळी सांधण्याचे १५ प्रकारही दिले आहेत. हौस आणि तिचा धोका यांची जोडी अशी पुरातन असल्याने काही समजुती तपासून घेणे इष्ट.

गैरसमज : जड डूल घातले की भोक आपोआप मोठे होते.
वस्तुस्थिती : होते खरे, पण वेडेवाकडे. पाळीत कूर्चा नसून केवळ तंतुमय व मेदयुक्त ऊती असतात. सारा भार खालच्या कडेवर पडला म्हणजे कान ओघळतो, भोकाची चीर होते आणि कड पातळ होत जाते. जड झुब्यांचा भार केसांत अडकविलेल्या वेलावर तोलण्याची आपल्याकडील तजवीज याचसाठी आहे. हलका, गोल दागिना मात्र सर्व कडांवर सारखा दाब देतो.

गैरसमज : थोडे दुखले, रक्त आले, तरच काम फत्ते.
वस्तुस्थिती : रक्त येणे म्हणजे पाळी आतून फाटणे होय. तेथे जो वण धरतो तो निरोगी त्वचेइतका ताणला जात नाही, सबब पुढचे प्रत्येक माप अधिकच अवघड होते. फार जोर केल्यास आतील त्वचा भोकाच्या मागून कड्यासारखी बाहेर येते. तसे झाल्यास तत्काळ लहान मापावर परतावे. बधिर करणारे मलम लावून दागिना रेटणे म्हणजे इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याचेच तोंड दाबणे.

गैरसमज : आठवड्याला एक माप चढविण्यास हरकत नाही.
वस्तुस्थिती : मूळ भोक पूर्ण बरे होण्यास कित्येक महिने लागतात, त्यानंतरही एका वेळी अर्धा, फार तर एक मिलिमीटर वाढवावा, आणि दोन मापांत किमान दीड-दोन महिन्यांची मुदत ठेवावी. दागिन्याची जाडी सांगणाऱ्या गेज या मापाचा हिशेब उलटा असतो : आकडा लहान, तितका दागिना जाड. शिवाय पायऱ्या समान नाहीत. १८ गेज सुमारे १ मिलिमीटर व १६ गेज सुमारे १.२, परंतु २ गेज ६ आणि शून्य गेज ८ मिलिमीटर, म्हणून तेथे मध्ये ७ चे माप घ्यावे. निमुळती सळई दागिना आत सरकविण्यापुरती असते, घालून फिरण्यासाठी नव्हे. नुकत्याच वाढविलेल्या भोकात गुळगुळीत टायटेनियम किंवा काच घालावी. लाकूड व अ‍ॅक्रिलिक पाळी स्थिरावल्यावरच.

गैरसमज : नको झाले, की दागिना काढावा, भोक बुजतेच.
वस्तुस्थिती : लहान मापे बरीच आक्रसतात, ८-१० मिलिमीटरपलीकडे मात्र भरवसा देता येत नाही, आणि मग स्थानिक भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया हाच इलाज उरतो. ज्यांच्या अंगावर जखमेचे वण फुगून वाढतात, किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आधीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. इतरांनीही शेवटचे माप कोणते, हे पहिले माप चढविण्यापूर्वी ठरवून ठेवावे.