समुद्राला लावलेला कान

बोलीवरून माणसाचे गाव ओळखणारे आपल्याकडे पुष्कळ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावर बोलीवरून देवमाशांचे कूळ ओळखतात! सॅमन मासे खाणाऱ्या तेथल्या ऑर्कांची कुळे तीन. जीव मात्र पाऊणशेच्या आसपास उरले आहेत. भक्ष्य शोधायचे ते प्रतिध्वनीवरून, आणि जहाजांच्या घरघरीत तोच बुडतो. ते कोठे आहेत हे कळले, तर नौका सावकाश हाकता येतील. म्हणून ‘ऑर्कासाउंड’च्या मंडळींनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडले, तो आवाज त्याच घटकेला घरबसल्या ऐकता येतो. पण अहोरात्र ऐकणार कोण? कृत्रिम बुद्धिमत्ता! ती आवाजाचे चित्र करून त्यात ऑर्काची हाक शोधते. बोटीच्या कुरकुरीला बिचारी कधी फसतेही. म्हणून जाणकार तो तुकडा पुन्हा ऐकतो. त्याने ‘होय’ म्हटले की वार्ता पुढे जाते, मग धुके असो वा मध्यरात्र.