पदवीवरचं साल

अमेरिकेत एम.एस. करून तिथेच स्थिरावलेल्या मुलामुलींची गोष्ट आपल्याकडे हुशारीची आणि जिद्दीची म्हणून सांगितली जाते. हुशारी खरी आणि जिद्दही खरी. पण गेल्या साठ वर्षांचा मागोवा घेतला, की तिसरी एक बाब तितकीच ठळक दिसते: पदवी कोणत्या साली हाती पडली. सारख्याच कुवतीची, एकाच विद्यापीठातून चार-पाच वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेली दोन मुलं पार वेगळ्या वाटांना लागलेली आहेत.

अमेरिकेच्या १९४६ च्या कायद्याने तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम १०० जागा ठेवल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने ही देशवार कोट्यांची पद्धत मोडली आणि आपले इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ तिकडे निघाले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ मध्ये उभं राहिलं ते याच लाटेवर. त्या पिढीचा प्रवास खडतर होता. पैसे मोजके, घरी फोन करणंही परवडत नसे. पण प्राध्यापकाकडची असिस्टंटशिप, मग नोकरी, मग ग्रीन कार्ड हा क्रम तुलनेने सरळ होता.

१९९० च्या कायद्याने कुशल नोकरीसाठीचा तात्पुरता एच-१बी व्हिसा आणला आणि वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली. सुरुवातीला तेवढ्या जागा पुरल्या. मग संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याचं वायटूकेचं काम आणि इंटरनेटची भरभराट आली आणि मागणी इतकी वाढली की मर्यादा आधी १,१५,००० आणि पुढे १,९५,००० करावी लागली. ते पाहून कितीतरी मुलांनी १९९९ मध्ये कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. ती बाहेर पडली २००१ मध्ये, डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर. व्हिसा मुबलक होते, पण नोकऱ्याच नव्हत्या.

२००४ मध्ये मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागांची वेगळी सोय झाली, तरी एप्रिल २००७ मध्ये मुख्य कोटा अवघ्या दोन दिवसांत संपला. पदवीनंतर काम करण्याची मुभा, म्हणजे ओपीटी, तेव्हा १२ महिन्यांची होती. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की व्हिसासाठीची निवड लॉटरीने होई, आणि ती एकदा हुकली की बॅग भरायची. एप्रिल २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना, म्हणजे स्टेमला, १७ महिने वाढवून मिळाले आणि त्याच वर्षी मंदी कोसळली. पुढच्या वर्षीचा कोटा भरायला डिसेंबर उजाडला. पुढे नोकऱ्या परतल्या, २०१३ पासून लॉटरी दरवर्षीचीच झाली. नोकरी आणि व्हिसा यांची वेळ जुळलेली वर्षं या सगळ्या काळात थोडीच होती.

२०१६ मध्ये स्टेमची वाढीव मुदत २४ महिन्यांची झाली. एकूण तीन वर्षं, म्हणजे लॉटरीच्या साधारण तीन संधी. इतर शाखांना मात्र एकच वर्ष राहिलं. त्यामुळे अभ्यासक्रम कोणत्या वर्गवारीत बसतो याला इतकं वजन आलं, की काही विद्यापीठांनी अर्थशास्त्राच्या पदव्याही स्टेममध्ये नेल्या.

मुदतीच्या आत दुसरं घड्याळही चालू असतं. ओपीटीच्या पहिल्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. २०२२-२३ च्या नोकरकपातीत हे नियम लाखो रुपयांच्या शैक्षणिक कर्जासह मुलांच्या छातीवर बसले. २०२३ मध्ये लॉटरीसाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या. एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्यांकरवी नोंदणी करण्याचे प्रकार त्यात होते. पुढच्या वर्षी निवड माणसागणिक सुरू झाली आणि आकडा पावणेपाच लाखांच्या आसपास उतरला. प्रामाणिकपणे एकच अर्ज करणाऱ्यांना हा न्याय उशिरा मिळाला, याचं वाईट वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा झाली. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीकडे जाणाऱ्यांना ते लागू नाही, हे महिनाभराने स्पष्ट झालं. तो महिना अनेक घरांनी जागून काढला. आणि हे सारं पार केलं तरी रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांची झाली आहे.

या साठ वर्षांत एक गोष्ट फारशी बदलली नाही: काम माणसांकडून मिळतं. प्राध्यापकाच्या लॅबमध्ये केलेलं काम, उन्हाळ्यातली इंटर्नशिप, एका सीनियरने मनापासून दिलेलं रेफरल यांनी जितकी दारं उघडली, तितकी शेकडो ऑनलाइन अर्जांनी उघडली नाहीत. स्थिरावलेल्या मराठी माणसांनी नव्या मुलांसाठी दिलेला अर्धा तास फार मोलाचा असतो, आणि तो द्यायलाच हवा.

घरच्यांनी कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रम स्टेममध्ये आहे का? लॉटरी लागली नाही तर कर्ज कशातून फिटेल? आणि दुसऱ्या देशात किंवा भारतात हेच शिक्षण कुठे कामी येईल? १९९८ मध्ये गेलेल्या काकाचं उदाहरण २०२६ मध्ये निघणाऱ्या पुतणीला देऊ नये. तिच्या वाट्याला आलेले नियम वेगळे आहेत. लॉटरी न लागल्यामुळे पुण्याला परतलेल्या मुलाने शिकलेलं काहीही वाया गेलेलं नाही. त्याला अपयशी ठरवणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो आपल्या घरांमधून, आपल्या लग्नसमारंभांमधल्या चौकशांमधून थांबला पाहिजे.