डाग दाताचा, दोष कुणाचा?

शाळेच्या एकाही फोटोत मी दात दाखवून हसलेली नाही. वरचा समोरचा एक दात तपकिरी आणि खडबडीत. "दात घासत नाहीस काय गं?" हे किती वेळा ऐकलं असेल! आज्जीने राखुंडी दिली, मैत्रिणीने लिंबू-मीठ सांगितलं. दात शिवशिवायला लागला, डाग तसाच.

गेल्या वर्षी दंतवैद्यांकडे गेले. दात बघून त्यांनी आईला विचारलं, "लहानपणी ही तोंडावर पडली होती का?" आई गप्पच झाली. अडीच वर्षांची असताना मी बेळगावच्या घरात झोपाळ्यावरून पडले होते आणि दुधाचा दात हिरडीत घुसला होता.

गंमत अशी, की दुधाच्या दाताच्या मुळापाशीच कायमचा दात घडत असतो. समोरच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, साधारण ४-५ वर्षांपर्यंत तयार होतं. त्याआधी मार बसला किंवा दुधाच्या दाताखाली पू झाला, तर कवच घडवणाऱ्या पेशी दुखावतात. दात उगवेपर्यंत त्या पेशी उरतच नाहीत. म्हणून मोडलेलं हाड जुळतं, पण एनॅमल पुन्हा भरून येत नाही. अशा दाताला 'टर्नरचा दात' म्हणतात.

डाग कुठे आहेत, यावरून कारण कळतं. एकच दात असेल तर मार किंवा जंतुसंसर्ग. डाव्या-उजव्या बाजूंना सारखेच डाग असतील तर पाण्यातलं जास्त फ्लोराइड. दुधाचे आणि कायमचे सगळेच दात तसे, शिवाय घरात आणखी कुणाचे असतील, तर आनुवंशिक दोष. मुळाची स्थिती एक्स-रेमध्ये दिसते.

उपचारही त्यानुसारच. डाग वरवरचा असेल तर हलकेच घासून काढतात. खड्डा असेल तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतात. फारच खराब असेल तर कॅप. माझं काम कॉम्पोझिटवर भागलं. काही वर्षांनी ते बदलावं लागेल, एवढंच.

परतताना आई म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं गं." इतकी वर्षं चूक माझी वाटत होती, आता तिला तिची वाटायला लागली! मी म्हटलं, "आई, झोपाळ्यावरून पोरं पडतातच." आणि तिच्यासमोर दात दाखवून हसले.

तुमच्या घरात लहान भावंडं असतील, तर दुधाच्या दाताला मार लागला किंवा कीड लागली की "पडणारच आहे तो" म्हणून सोडू नका. त्याच्याखाली दुसरा दात घडत असतो.