वय झालं की मेंदूतलं नेमकं काय कमी होतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात. मागं राहतात म्हातारे आईबाप. त्यांतलं एखादं माणूस गप्प राहू लागलं, अन्नावरची वासना उडाली, रात्री डोळ्याला डोळा लागेना, तरी आपण म्हणतो, "वय झालं, आता असंच चालायचं." हे म्हणणं मेंदूच्या अभ्यासाला पटत नाही.

मनाची उभारी, झोप, भूक या सगळ्यांत सेरोटोनिन या रसायनाचा हात असतो. 1948 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ते रक्तातून वेगळं काढलं गेलं. 1953 साली बेट्टी ट्वारोग आणि अर्व्हिन पेज यांनी ते मेंदूतही असल्याचं दाखवलं. एका पेशीतून बाहेर पडलेलं सेरोटोनिन दुसऱ्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना चिकटतं, तेव्हाच निरोप पोचतो. असे ग्राही चौदा प्रकारचे आहेत.

या शोधकथेत मुंबईही आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. 1952 साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. ते मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता करतं, हे 1955 च्या सुमारास कळलं. हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचंही डॉक्टरांच्या पाहण्यात आलं. सेरोटोनिन घटलं की माणूस उदास होतो, या तर्काला त्यातून बळ मिळालं. पण रेसर्पिन घेणारे बहुतेक लोक उदास झाले नाहीत. तो तर्क फार ढोबळ होता.

जिवंत माणसाचे ग्राही मोजता येऊ लागले ते पेट स्कॅनमुळं. ग्राहींना चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा टोचायचा आणि तो मेंदूत कुठं, किती साठतो ते पाहायचं. 1984 साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं असं मोजून वयानुसार सेरोटोनिनचे ग्राही घटतात हे दाखवलं. 2002 साली सेंट लुईसच्या संशोधकांना '2ए' या प्रकारचे ग्राही विशीपासून मध्यम वयापर्यंत दर दशकात सरासरी 17 टक्के घटताना दिसले. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: मध्यम वयानंतर ही घट मंदावते. म्हणजे मोठा उतार तरण्या वयातच होऊन जातो, तोही धडधाकट, हसत्याखेळत्या माणसांत!

2019 साली 31 अभ्यासांमधल्या 1087 निरोगी प्रौढांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. सर्वांत ठळक घट '2ए' ग्राहींमध्येच होती. '1ए' ग्राहींचं चित्र मात्र तितकं स्पष्ट नव्हतं. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: हे अभ्यास वेगवेगळ्या वयाच्या माणसांची तुलना करतात, एकाच माणसाच्या मागं चाळीस वर्षं जात नाहीत.

मग उतारवयातला उदासपणा या घटीतूनच येतो का? 1999 साली पिट्सबर्गमध्ये उतारवयात नैराश्य आलेल्यांचे '2ए' ग्राही मोजले गेले. ते त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा कमी नव्हते. कमी होते ते अल्झायमरच्या रुग्णांमध्ये. म्हणून एकटेपण, दुखणी, जोडीदाराचं जाणं ही कारणं बाजूला सारून सगळं वयावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याची किंमत मोठी आहे. 2017-18 साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं देशभर वृद्धांची पाहणी झाली. प्रश्नावलीनुसार साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती. निदान झाल्याचं सांगणारे होते 0.8 टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांचं दुखणं कुणी ओळखलंच नव्हतं.

हे दुखणं उपचारानं बरं होतं. सेरोटोनिनवरची औषधं म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरवू शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत आणि मनानं बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ घरातलं म्हातारं माणूस खचलेलं दिसलं, तर त्याला दवाखान्यात न्या. ते लगेच जमत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीतून बोलता येतं.